निघण्यापूर्वीचा काळ

माझ्या प्रिय मुला,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. परदेशी मिशनकार्याला निघायचे म्हणून तुमच्या मंडळीने (चर्चने) निरोपाची प्रार्थना केली, घरातले सामान अर्धे वाटून झाले, आणि व्हिसा मात्र अजून आलेला नाही. त्यामुळे उपासनेनंतर भेटणारा प्रत्येक जण ‘अजून गेला नाहीस?’ असे विचारतो आणि तुला अपराध्यासारखे वाटते, असे तू लिहिले आहेस. त्या प्रश्नाला ‘परवानगी आलेली नाही’ एवढे उत्तर पुरे. मला काळजी वाटली ती पुढच्या वाक्याची. खरे काम तिथे पोहोचल्यावरच सुरू होईल, असे तू म्हणतोस. मुला, ते सुरू झाले आहे.

बायबलमधले नहेम्याचे पुस्तक पुन्हा वाच. तो पारसाच्या राजाच्या चाकरीत होता. यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी त्याला यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळली आणि राजापुढे बोलण्याची संधी नीसान महिन्यात आली. मध्ये सुमारे चार महिने गेले. त्या काळात त्याने उपास आणि प्रार्थना केली, हे उपदेशांतून आपण नेहमी ऐकतो. पण राजाने ‘तुझी काय विनंती आहे?’ असे विचारताच त्याने आपली मुदत सांगितली, फरात नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांसाठी पत्रे मागितली, आणि वेशींना लाकूड मिळावे म्हणून राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे वेगळे पत्र मागितले. इतकी नेमकी मागणी ऐनवेळी सुचत नाही. म्हणून कागदपत्रांना अध्यात्माबाहेरची कटकट समजू नकोस. प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी, अशी अट अनेक देश घालतात. पीतज्वराच्या लसीचा दाखला लागत असेल, तर तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो. धार्मिक कार्याचा व्हिसा लांबतो आहे तर पर्यटक म्हणून जा, असेही कोणी सुचवेल. तसे करू नकोस. जिथे सत्य सांगायला जायचे, तिथे शिरताना खोटे कारण लिहून देणे मला कधीही मान्य होणार नाही.

भाषेचा अभ्यास आजच सुरू कर. अमेरिकन मिशनरी अडोनिराम जडसन 1813 मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोहोचले आणि त्यांच्या हातून पहिल्या बर्मी माणसाचा बाप्तिस्मा झाला 1819 मध्ये. मधल्या वर्षांतले बरेचसे श्रम ती भाषा शिकण्यात गेले. तू जाणार आहेस त्या देशातले कोणी तुझ्या जवळपास शिकायला किंवा नोकरीला आले असेल, तर त्यांच्याकडे जा, त्यांचे ऐक, चुकीचे बोल आणि त्यांना दुरुस्त करू दे. शिकवण्याची घाई झालेल्या माणसाला शिकून घेणे जड जाते, आणि तिथे गेल्यावर पहिली काही वर्षे तुला बहुतेक तेच करायचे आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. इंग्रज मिशनरी विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी 1793 मध्ये हिंदुस्थानाकडे निघाले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे त्यांना इंग्रजी जहाजावरून उतरवण्यात आले. केरींची पत्नी डोरोथी हिने बरोबर जाण्यास आधी नकार दिला होता. तेव्हा ती गरोदर होती. या विलंबामुळे केरी पुन्हा घरी आले, आणि बहीण सोबत येत असेल तर येते, असे म्हणत ती घाईघाईने तयार झाली. जूनमध्ये सर्व जण डॅनिश जहाजाने निघाले. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला, डोरोथीचे मानसिक संतुलन ढळले, आणि 1807 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती सावरली नाही. जहाज हुकले ही देवाची योजना होती, असे मिशनच्या इतिहासात सांगितले जाते. देवाचा हात मीही नाकारत नाही. पण त्या विलंबातला किती थोडा वेळ डोरोथीच्या वाट्याला आला, हे वाचताना मन अस्वस्थ होते, आणि केरींनी केलेल्या बायबलच्या भाषांतरांविषयी मला कितीही आदर असला तरी ती अस्वस्थता जात नाही.

तुझ्या चार पानी पत्रात तुझ्या पत्नीचा उल्लेख एकदाच आहे: ‘तीही तयार आहे.’ तिला पुन्हा विचार, आणि विचारताना उत्तर आधीच ठरवून ठेवू नकोस. तिला कशाची भीती वाटते, तिच्या आईवडिलांच्या म्हातारपणाची काय सोय आहे, मूल झाले तर प्रसूती कुठे होईल, तिथे तिचे स्वतःचे काम कोणते असेल, हे सगळे तिच्या तोंडून ऐक. ती म्हणाली की आणखी वर्षभर थांबू, तर थांब आणि संस्थेला तसे स्पष्ट कळव. तुम्हाला पाठवणारी मंडळीही तुम्हा दोघांना पाठवते आहे. पाळकांशी बोलायला एकटा जात असशील, तर यापुढे तिला सोबत ने.

पुढचे पत्र तिच्या हातचे असावे, अशी माझी इच्छा आहे. तिला हे पत्र वाचायला दे आणि तिला जे लिहायचे असेल ते मोकळेपणाने लिहू दे. तुम्हा दोघांसाठी मी रोज प्रार्थना करतो.

प्रभूमध्ये तुझा,
एक वडीलधारा सहकारी