मराठी माध्यमातील आठवी ते दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी कादंबरी कशी निवडावी?

आपण विचारले आहे की, शिरपूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरची एक इंग्रजी कादंबरी पूर्ण वाचायला द्यायची असेल, तर ती कोणती द्यावी आणि निवडताना काय पाहावे. मी जळगाव जिल्ह्यात याच वयाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. पुस्तकाची कीर्ती किंवा मागच्या बाजूला छापलेला वयोगट यांवरून कादंबरी निवडू नये. पानावर अनोळखी शब्द किती दाट येतात आणि कथेतले जग मुलाला किती ओळखीचे आहे, या दोन गोष्टी पाहाव्यात. भाषा नवी आणि जगही नवे असले, तर चौदा वर्षांचे मूल दहाव्या पानावर पुस्तक मिटते, आणि त्यात मुलाचा काहीही दोष नसतो.

शब्दांच्या दाटीविषयी पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञांचे काम उपयोगी आहे. मदतीशिवाय कथा नीट समजून आनंदाने वाचायची, तर पानावरचे सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे त्यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर २००० साली दाखवले. अडीचशे शब्दांचे पान धरले, तर पाच शब्द अडले तरी चालतील. बारा-तेरा अडले की वाचन थांबून शब्दकोश चाळणे सुरू होते. मूळ स्वरूपातली इंग्रजी कादंबरी या प्रमाणात समजण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांच्यापासून झालेली रूपे, माहीत असावी लागतात, असा अंदाज नेशन यांनीच २००६ साली मांडला. आपल्या दहावीच्या हुशार मुलाचीही मजल अजून तिथवर गेलेली नसते, हे मान्य करूनच निवड सुरू करावी लागते.

सेमी-इंग्रजीच्या वर्गांबद्दल येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला ‘फोटोसिंथेसिस’, ‘व्हेलॉसिटी’, ‘पॅरलल’ हे शब्द सहज येतात, म्हणून पालक आणि कधी कधी आपणही समजतो की याचे इंग्रजी चांगले आहे. कादंबरीतले शब्द मात्र निराळे असतात. कपाळाला आठ्या घालणे, खांदे उडवणे, पुटपुटणे, चाचपडणे, हुंदका गिळणे अशा साध्या माणसांच्या साध्या क्रियांचे इंग्रजी शब्द पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतात, आणि कथा तर त्यांच्याच आधाराने पुढे सरकते. त्यामुळे विज्ञानाचे गुण पाहून कादंबरीची पातळी ठरवू नये.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची आहे. आपल्याकडील बऱ्याच मुलांच्या घरची भाषा अहिराणी, लेवा किंवा पावरी असते. मराठी त्यांना शाळेत भेटते, पुढे हिंदी येते, आणि इंग्रजी ही त्यांची तिसरी किंवा चौथी भाषा असते. ही मुले भाषांच्या बाबतीत कच्ची नसतात. उलट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाण्याची त्यांना रोजची सवय असते. फक्त वाचलेल्या प्रकरणावर बोलताना त्यांना इंग्रजीची सक्ती करू नये. जे मूल प्रकरणाची गोष्ट अहिराणीत रंगवून सांगू शकते, त्याने ते प्रकरण वाचले आहे.

आता सुरुवात कोठून करावी. ज्याने एकही इंग्रजी पुस्तक पूर्ण वाचलेले नाही, त्याच्या हाती मूळ कादंबरी न देता ‘ग्रेडेड रीडर’ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. यात शब्दसंख्येची मर्यादा ठरवून घेऊन कथा नव्याने लिहिलेली असते. उदाहरणार्थ, ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’ मालिकेची पहिली पायरी ४०० मूळ शब्दांची, दुसरी ७०० आणि तिसरी १००० शब्दांची असून सहावी २५०० पर्यंत जाते. या पुस्तकांची कल्पना रुजण्यात आपल्याच उपखंडाचा वाटा आहे. १९२० च्या दशकात ढाक्याला शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या मायकेल वेस्ट यांना बंगालमधल्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास करताना दिसले की इंग्रजी पुस्तकांत नवे शब्द फार जवळ जवळ येतात. त्यांनी नेमकी ती दाटी कमी करून वाचनमाला तयार केली.

बाजारात बसस्थानकावर किंवा प्रदर्शनात स्वस्तात मिळणारी ‘संक्षिप्त’ अभिजात पुस्तके ही वेगळी वस्तू आहे. त्यांत कथा कापून लहान केलेली असते, परंतु वाक्ये आणि शब्द बहुधा एकोणिसाव्या शतकातलेच राहतात. शिवाय कापाकापीत पात्रांची ओळख करून देणारा मजकूर गेल्यामुळे उरलेला भाग अधिकच अवघड होतो. पाने कमी म्हणजे पुस्तक सोपे, हा समज शाळांच्या खरेदीत फार दिसतो. तो सोडावा.

मूळ कादंबऱ्यांपैकी पहिली म्हणून मी रस्किन बाँड यांची ‘द ब्ल्यू अम्ब्रेला’ देतो. ती लहान आहे, वाक्ये स्वच्छ आहेत, आणि गढवालच्या डोंगरातली बिन्या, तिच्या गाई, गावातला चहाचा दुकानदार आणि एका निळ्या छत्रीवरून सुरू झालेला हेवा हे सगळे समजायला आपल्या मुलांना कोणतीही तळटीप लागत नाही. तिच्यावर हिंदी चित्रपट निघालेला आहे. तो आधी दाखवावा. कथा माहीत असणे म्हणजे लबाडी, असे काही शिक्षक मानतात. मला उलट वाटते, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असलेले मूल अनोळखी शब्दाचा अर्थ स्वतः लावू शकते.

त्यानंतर आर. के. नारायण यांची १९३५ सालची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’. सोमवारच्या सकाळचा कंटाळा, परीक्षेची धास्ती, वडिलांचा धाक, मित्रांचा क्रिकेट संघ, हे आपल्या कोणत्याही वर्गात आजही जसेच्या तसे सापडेल. तिचा आणखी एक गुण असा की प्रकरणे बऱ्याच अंशी स्वतंत्र प्रसंगांसारखी वाचता येतात. ‘श्यामची आई’तील एकेक रात्र जशी एका बैठकीत पुरी होते, तसे यातले एखादे प्रकरण एका-दोन तासिकांत आटोपते, आणि मधे चार दिवस सुटी आली तरी धागा तुटत नाही. मात्र नारायण यांचा विनोद सौम्य आणि लपलेला आहे. पहिली दोन प्रकरणे शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवली, तर तो मुलांच्या कानाला लागतो.

दहावीतल्या तयार वाचकांसाठी अनिता देसाई यांची ‘द व्हिलेज बाय द सी’ ही १९८२ सालची कादंबरी मला फार मोलाची वाटते. अलिबागजवळचे थळ गाव, आजारी आई, दारूत बुडालेले वडील, घर सांभाळणारी लीला आणि कामासाठी मुंबई गाठणारा तिचा भाऊ हरी. आपल्या वर्गातल्या काही मुलांना हे घर पुस्तकात प्रथम भेटत नाही, म्हणून ती देताना आपला वर्ग आधी ओळखून घ्यावा. समुद्रकिनाऱ्याची वर्णने लांब आहेत. ती वाचताना आपण सोबत असावे. हरी मुंबईत पोचल्यावर मुले आपणहून पुढे धावतात.

परदेशी पुस्तकांत लुई सॅकर यांची ‘होल्स’ सर्वांत वर ठेवेन. निरपराध मुलाला सुधार-शिबिरात पाठवले जाते आणि तिथे रोज पाच फूट खोल खड्डा खणावा लागतो, एवढे सांगितले की वर्ग ऐकू लागतो. प्रकरणे दोन-चार पानांची आणि वाक्ये आखूड आहेत. वेगवेगळ्या काळांतल्या गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या असल्याने फळ्याच्या कडेला पात्रांची नावे मात्र लिहून ठेवावीत. ‘ॲनिमल फार्म’ शेतकऱ्यांच्या मुलांना मानवते, कारण गोठा, चारा, कापणी ही त्यांची रोजची गोष्ट आहे. या रूपककथेमागचा रशियाचा इतिहास नंतर सांगितला तरी चालतो. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ सोप्या शब्दांमुळे सुचवली जाते, पण घटना थोड्या आणि मनातले बोलणे पुष्कळ, त्यामुळे ती मी या वयाला देत नाही. ‘हॅरी पॉटर’ मुले स्वतः मागतात. जिद्दीने वाचणाऱ्याला जरूर द्यावी, परंतु सबंध वर्गासाठी नको: नवे बनवलेले शब्द आणि हॅग्रिडची मोडलेली बोली शब्दकोशातही सापडत नाही. हीच अडचण रोआल्ड डाल यांच्या ‘द बीएफजी’ची आहे, आणि इंग्लंडमध्ये ते तर लहान मुलांचे पुस्तक आहे. मातृभाषिक मुलाला जे सोपे, ते दुसऱ्या भाषेतून येणाऱ्याला सोपे असतेच असे नाही.

एक पुस्तक केवळ खानदेशासाठी सांगतो. ज्यूल व्हर्न यांच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मध्ये फिलियस फॉगची रेल्वे नाशिक ओलांडून खानदेशच्या सपाट, पिकांनी भरलेल्या मुलखातून जाते आणि बऱ्हाणपूरला थांबते. तिथे त्याचा नोकर खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. चाळीसगाव-भुसावळचा रूळ ज्याने पाहिला आहे, त्या मुलाच्या चेहऱ्यावर हे वाचताना जे उमटते ते पाहण्यासारखे असते. मूळ कादंबरी फ्रेंच आहे आणि तिचे जुने इंग्रजी भाषांतर जड आहे, म्हणून ग्रेडेड आवृत्तीच घ्यावी. बारावीच्या युवकभारतीतही या कादंबरीतील उतारा आहे, तेव्हा पुढे उपयोग होतोच.

खरेदीबाबत सुचवेन की एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती घेण्याऐवजी आठ-दहा वेगवेगळ्या पुस्तकांच्या चार-चार, पाच-पाच प्रती घ्याव्यात. फिजीच्या ग्रामीण शाळांत एली आणि मंगुभाई या संशोधकांनी इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या वर्गांत प्रत्येकी सुमारे २५० गोष्टींची पुस्तके ठेवून पाहिली. त्या मुलांची वाचनातली प्रगती इतरांच्या जवळपास दुप्पट वेगाने झाली, असे त्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. ती मुले आपल्या मुलांपेक्षा लहान होती, आणि एवढी पुस्तके आपल्याला जमणार नाहीत, परंतु निवडीला वाव असला पाहिजे हे तरी त्यातून घ्यावे.

पुस्तक देण्यापूर्वी मुलाला मधले एखादे पान वाचायला सांगा, कारण आरंभीची पाने वर्णनांमुळे बहुधा सर्वांत कठीण असतात. अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्याने एक बोट मिटावे. पान संपण्याआधी मूठ वळली, तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवावे. शब्दार्थ वहीत उतरवून घेण्याची सक्ती नको, प्रश्नोत्तरे तर नकोतच. आपण स्वतः प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले असावे, म्हणजे पालकांनी एखाद्या प्रसंगाबद्दल विचारले तर उत्तर देता येते. आठवी-नववीला जूनमध्ये सुरुवात करून दिवाळीच्या सुटीत पुस्तक घरी नेऊ द्यावे; दहावीला मात्र दिवाळीनंतर नवे पुस्तक देऊ नये, बोर्डाची परीक्षा झाल्यावर एप्रिल-मेच्या सुटीत द्यावे.