ओट्यामागच्या भिंतीवर रंगाने टाइल्स काढायच्या आहेत. स्टेन्सिल बरं की टेप? कमी खर्चात कसं करावं? आणि घरचे म्हणतात तसं ते लवकर निघून जातं का?

टिकतं. माझ्या ओट्यामागची भिंत आता सहाव्या वर्षात आहे आणि मी ती रोज पुसते. खरं तर मी एवढं लिहायला बसले ते तुमच्या "घरचे म्हणतात" या शब्दांमुळे. माझ्या घरी असं म्हणणारा माझा सख्खा मोठा भाऊ होता, आणि टाइल्स बसवणं हाच त्याचा धंदा आहे.

आम्ही तेव्हा नुकतंच घर घेतलं होतं आणि हातात काही उरलं नव्हतं. ओट्यामागे साधा गिलावा, त्यावर आधीच्या लोकांनी मारलेला पिवळट ऑइल पेंट आणि त्यावर कितीतरी वर्षांचा चिकटा. दादा म्हणाला, "माझ्याकडे कामांवरच्या उरलेल्या टाइल्स पडून आहेत. दोन दिवसांत बसवून देतो. तुझ्याकडून मजुरी घेणार आहे का मी?" मी नको म्हणाले. मला धुरकट हिरवा रंग हवा होता, अख्ख्या भिंतीला तोच, आणि तो मला माझ्या हाताने लावायचा होता. चार कामांवरच्या चार जातींच्या टाइल्स नको होत्या. दादाला ते लागलं. "खरं फुकट मिळतंय ते नको, हिला रंगाचं सोंग हवंय," असं तो आईसमोर म्हणाला. तो "सोंग" शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी इरेला पेटून काम घाईत उरकलं. भिंतीवर ओलं फडकं फिरवलं, वाळल्यावर सरळ इमल्शनचे, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचे, दोन हात दिले, टेप लावली, टाइल्सचा रंग दिला, टेप काढली. दोन दिवसांत झालं. दिसायला इतकं छान की मी रात्री उठून दिवा लावून बघितलं. तिसऱ्या आठवड्यात भिंतीवर चिकटवलेला एक कागद काढला, तर त्याच्या चिकटपट्टीबरोबर तळहाताएवढा रंग निघून आला. खाली जुना पिवळा ऑइल पेंट तसाच चकचकीत. त्याच आठवड्यात दादा आला. त्याने त्या कडेला अंगठ्याचं नख घातलं आणि ओढलं. हातभर लांब सालपट निघालं. ते त्याने ओट्यावर ठेवलं, हात धुतले आणि चहा न घेता गेला. चार शब्द बोलला असता तर मी भांडले तरी असते.

म्हणून आधी सांगते की रंग का निघतो. ऑइल पेंटचा चकचकीत पृष्ठभाग इमल्शनला धरायला काहीच देत नाही. त्यात तेलाचा पातळ थर असला तर तुमचा रंग भिंतीला लागतच नाही, तेलाला लागतो. दिसताना तो भिंतीवर असतो, पण असतो नुसता पांघरल्यासारखा. एखादी चिकटपट्टी, वाफ, नख, काहीतरी निमित्त लागतं. डिझाइन, स्टेन्सिल, ब्रश यांचा टिकण्याशी काडीचा संबंध नाही. लोक नेमकी याच्या उलट मेहनत करतात: रंगाची छटा निवडायला पंधरा दिवस आणि भिंत धुवायला पंधरा मिनिटं.

दुसऱ्या खेपेला मला अकरा दिवस लागले, आणि त्यातला हिरवा रंग लावायचा वेळ जेमतेम एक दुपार.

सुटणारा सगळा रंग आधी पत्र्याने खरवडला. मग भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी घेऊन भिंत घासली, साध्या पाण्याने पुसली, आणि हे तीनदा केलं. साबण पुसला गेला नाही तर तोही तेलाइतकाच घात करतो. भिंत झाली की नाही ते ओळखायला तिच्यावर पाण्याचा हात फिरवा. पाणी सपाट पसरलं तर तेल गेलं, थेंब थेंब गोळा झाले तर परत घासा. शेगडीच्या वरच्या भागात माझे थेंब चौथ्या धुण्यानंतर पसरले. त्यानंतर पूर्ण दिवस भिंत वाळू दिली, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मरेपर्यंत घासली. चमक मरणं हीच खूण, हाताला गुळगुळीत लागतंय का खरखरीत ते बघू नका. मग लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली. लांबी भरताना अंधार करून बॅटरी भिंतीला लावून आडवी धरली होती. उजेड आडवा पडला की प्रत्येक फुगवटा सावली टाकतो. याला फार महत्त्व आहे, कारण शेवटी तुम्ही वरून चकचकीत पॉलिश देणार आणि चकाकी भिंतीतला एकही उंचवटा लपवत नाही. टाइल म्हटली की ती सपाट असते. फुगीर टाइल बघणाऱ्याला लगेच खटकते.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, साधा भिंतीचा नको. डब्यावर चकचकीत पृष्ठभागासाठी, पकड धरणारा असं स्पष्ट लिहिलेला घ्या. काटकसर करायची तर रंगात करा, ब्रशात करा, इथे करू नका. कमी खर्चाचं विचारलंत म्हणून सांगते, एवढ्याशा भिंतीला हिरवा रंग कपभर लागतो. सगळ्यात लहान डबा घ्या, किंवा घरात उरलेल्या दोन रंगांतून छटा जमवा. खरा खर्च प्रायमर आणि वरच्या पॉलिशचा आहे आणि तो करावाच लागतो.

आता टेप. आधी पूर्ण भिंतीला सांध्याचा रंग द्यायचा, म्हणजे दोन टाइल्समधल्या रेषेचा. पांढराशुभ्र नको, फिकट राखाडी घ्या. खऱ्या भिंतीतही पांढरा सांधा फार दिवस पांढरा राहत नाही. हा थर मी दोन दिवस वाळू दिला, कारण कच्च्या रंगावर टेप लावली की काढताना ती त्यालाच घेऊन येते. टेप ३ मिलिमीटर रुंदीची घ्या, गाडीच्या रंगकामात वापरतात ती. ६ मिलिमीटरची घेतलीत तर टाइल्स न वाटता खिडकीचे गज वाटतील. अरुंद टेप नाही मिळाली तर रुंद टेप काचेवर चिकटवून स्टीलच्या पट्टीने आणि ब्लेडने तिचे उभे पट्टे कापा.

माझी भिंत २४० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर उंच. टाइल १५ बाय साडेसात सेंटिमीटरची धरली. म्हणजे सहा ओळी, आणि प्रत्येक पुढची ओळ अर्ध्या टाइलने सरकवलेली. आडव्या टेपा पाच, उभे तुकडे ९३. हो, मी मोजले. पहिली आडवी रेष लेव्हल लावूनच आखा, ओट्यावरून माप घेऊ नका, कारण ओटा सरळ असेलच असं नाही. उभी विभागणी मधून सुरू करून दोन्ही टोकांना न्या, म्हणजे एका कोपऱ्यात बोटभर चिंधी उरणार नाही. हे मला दादाने लहानपणी एका कामावर नेलं होतं तेव्हा बघून माहीत होतं. ते त्याचं श्रेय आहे आणि ते मी नाकारत नाही.

टेपच्या कडेखालून रंग झिरपतो अशी सगळ्यांची तक्रार असते. त्याला उपाय आहे. टेप दाबून बसवल्यावर तिच्या कडांवरून आधी त्याच राखाडी रंगाचा एक पातळ हात फिरवा. जे झिरपायचं ते राखाडीच झिरपेल आणि फट बंद होईल. ते वाळलं की वर हिरव्याचे दोन हात. दुसरा हात ओलसर असतानाच टेप काढायची, शेवटी लावलेली आधी, मागे दुमडून, हळू. रंग पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर टेपवरचा आणि भिंतीवरचा रंग एकच कातडं होतो आणि कड फाटते. तसं झालंच तर कडेने ब्लेड फिरवून मग ओढा.

एवढ्यावर थांबलात तर ते आखलेले चौकोन दिसतात. टाइल दिसायला दोन गोष्टी लागतात. एक, सगळ्या टाइल्सना नेमका एकच रंग देऊ नका. मी वाटीतल्या रंगात एकदा थेंबभर पांढरा आणि एकदा थेंबभर काळा मिसळला, आणि दहातल्या दोनतीन टाइल्स त्या छटांनी भरल्या. भट्टीतून येणाऱ्या टाइल्स अशाच असतात. दोन, सावली. खरा सांधा टाइलपेक्षा किंचित खोल असतो, म्हणून वरच्या टाइलची सावली त्याच्यावर पडते. प्रत्येक टाइलच्या खालच्या कडेला आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूच्या कडेला, सांध्याच्या आत, गडद राखाडीची केसाएवढी रेघ ओढा. रेघ सगळीकडे त्याच बाजूला हवी. एका संध्याकाळी दिवा लागल्यावर मी चुकून दिव्याच्या हिशेबाने बाजू बदलली होती, ती अख्खी ओळ पुसून परत काढली.

शेवटी वरचं पॉलिश, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात. ऑइलचं वार्निश नको, ते काळाने पिवळं पडतं. डबा जोरात हलवू नका, बुडबुडे येतात, काडीने ढवळा. हाताला कोरडं दोन तासांत लागेल, पण रंग आतून पक्का व्हायला महिनाभर जातो. तोवर मऊ ओलं फडकं, घासणी नाही, आणि कागद तर मुळीच चिकटवू नका.

आता त्या सोंगाबद्दल, कारण तुमच्या घरचेही बहुधा तेच म्हणत असणार, शब्द वेगळा असेल एवढंच. माझं म्हणणं असं की भिंतीवर दुसऱ्या गोष्टीचं रूप काढणं ही गरिबाची लबाडी नाही. इटलीतलं पॉम्पेई हे रोमन शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. तिथल्या सगळ्यांत जुन्या शैलीच्या भिंतींवर गिलाव्यालाच उठाव देऊन, रंगवून संगमरवराचे चिरे केलेले आहेत, आणि तेही चांगल्या श्रीमंतांच्या घरांत. १७व्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी निळ्यापांढऱ्या वस्तू घडवल्या त्या चिनी पोर्सिलेनकडे बघून. ती माती त्यांच्याकडे नव्हती, म्हणून साध्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई चढवली. आज तीच डेल्फ्टची टाइल अस्सल म्हणून जपतात. आणि ज्या आडव्या चकचकीत टाइलची आपण सगळे नक्कल करतो, ती १९०४ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत बसवली, कारण ती पुसायला सोपी होती आणि उजेड परत फेकत होती. माझी भिंतही पुसली जाते आणि खिडकीचा उजेड परत फेकते. मी कुणालाही या टाइल्स आहेत असं सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगते, रंगवली आहे, मी रंगवली आहे. यात सोंग कुठे आलं?

आणि दादाच्या टाइल्स मी नाकारल्या, त्याची मदत नाकारली नव्हती. हा फरक मी तेव्हा त्याला सांगायला हवा होता. तुमच्या घरात कुणी हाताने कामं करणारं असेल तर रंगाचा डबा उघडण्याआधी हे बोलून घ्या. हे भिंत धुण्याइतकंच आधीचं काम आहे.

स्टेन्सिलचं राहिलं. नक्षीच्या टाइल्स हव्या असतील तरच स्टेन्सिल. रंग अगदी कमी घ्या, ब्रश जवळजवळ कोरडा असू द्या, दर दोनतीन ठशांनी स्टेन्सिलची मागची बाजू पुसा. साध्या टाइल्सना टेपच.

आणखी काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. भिंतीला ओल असेल तर यातलं काहीही करू नका. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. त्याच्या आतून, भिंतीच्या बाजूला दव धरलं तर आधी ओलीचा बंदोबस्त. घर फार जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय तो घासूच नका, कोरडा तर अजिबात नाही, आणि मुलांना तिथून लांब ठेवा. सिंकच्या कडेला सिलिकॉन लावायचं तर रंगकाम संपल्यावर लावा, सिलिकॉनवर रंग धरत नाही. तुमच्या भिंतीवर आधीच खऱ्या जुन्या टाइल्स असतील तर हे इमल्शनचं काम नाही, त्याला दोन डब्यांचा इपॉक्सी रंग लागतो.

आणि शेगडी. ज्योतीच्या थेट मागे नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका. उष्णतेने थर मऊ पडतो, पिवळा होतो, आणि तापून चिकटलेलं तेल घासलं की चकाकी जाते. तेवढ्या भागावर टफन्ड काच किंवा स्टीलचा पत्रा लावायचा. माझ्याकडे पत्रा आहे. दुसऱ्यांदा रंगवल्यावर साधारण महिन्याने दादा तो कापून, कडा घासून घेऊन आला. मी सांगितलं नव्हतं. त्याने माप कधी घेतलं तेही मला माहीत नाही, पण पत्र्याच्या दोन्ही उभ्या कडा बरोब्बर माझ्या सांध्याच्या रेषेवर येऊन थांबतात.