नाणी दुप्पट करू नका, आधी ती साखळी बघा

‘लोक रोज गेम उघडतात, बक्षीस उचलतात आणि एकही लेव्हल न खेळता निघून जातात, नाणी दुप्पट करू का?’ हा एका गेम बनवणाऱ्याचा प्रश्न वाचला आणि माझ्या कोड्यांच्या गेमचे दिवस आठवले. नका करू.

आमच्या प्रकाशकाने (नाव घेत नाही) सही झाल्यावर हट्ट धरला: तीस दिवसांची बक्षिसांची साखळी हवीच, आणि एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून. मी मान डोलावली. रोज येणाऱ्यांचा आकडा चढला, सगळे खूश. माणूस आल्यावर खेळतो किती, हा आकडा घसरत होता. तो मी उघडूनच पाहिला नाही. ही चूक माझीच. पुढे कुणाला बाविसाव्या दिवशी ताप आला, कुणी प्रवासात अडकला. साखळी तुटली की लोक पहिल्या दिवसावर परत येत नव्हते, गेमच काढून टाकत होते. म्हणजे सगळ्यांत नियमित येणारेच आम्ही गमावले! प्रकाशकाला तीन मेल केले, तिन्हींना एकच उत्तर: ‘आकडे चांगले आहेत.’ असो.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973चा प्रयोग तेव्हाच वाचायला हवा होता. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती चित्रं कमी काढू लागली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमच्या चाचणीत फार वेळ खेळलं की एक्सपी (खेळून मिळणारे अनुभवाचे गुण) निम्मे व्हायचे; लोक भडकले. मग तेच उलटं मांडलं: विश्रांती घेऊन या, दुप्पट मिळतील. हिशेब जवळपास तोच, पण शिक्षेचं बक्षीस झालं.

शेवटी मी साखळी काढली आणि महिन्यातले कुठलेही वीस दिवस मोजू लागलो. बक्षीस लेव्हल सुटल्यावरच, आणि नाण्यांऐवजी कोडं वेगळ्या वाटेने सोडवता येईल असं नवं साधन. माझ्या मते नाणी हे आळशी डिझायनरचं बक्षीस. अर्थात माझा गेम एकट्याने खेळायचा होता. मल्टिप्लेअरचं गणित वेगळं असू शकतं.

आणि हो, तारीख फोनवरून घेत असाल तर आजच सर्व्हरवर न्या. घड्याळ पुढे सरकवून आमच्याकडे एकाने महिन्याभराची बक्षिसं एका बैठकीत उचलली होती.