डोळे मिटलेल्या पिल्लाचा फोटो

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंनी देवासच्या ब्रीडरकडून 22,000 रुपयांना लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. 1 एप्रिलला घरी आणलं, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण, आठव्या दिवशी पार्वोनं, म्हणजे कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगानं, गेलं. चिठ्ठीवर ‘गॅरंटी नाही, पैसे परत नाहीत’. याला दीड वर्ष झालं. पैसे मिळतील का, हा प्रश्न.

ताई, अशी पत्रं बरीच येतात आणि सगळे पार्वोवरूनच भांडतात. तुम्ही तसं करू नका. संसर्गानंतर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, कधी जास्तही. रोग ब्रीडरकडून आला की तुमच्या जिन्यात लागला, यावर तारखांमागून तारखा पडतील. महूचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ असून तुम्ही शवविच्छेदनही केलं नाहीत.

तुमचं प्रकरण पिल्लाच्या वयावर उभं आहे. 2017च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे 8 आठवड्यांच्या, म्हणजे 56 दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. लसीच्या कार्डावर जन्मतारीख 30 जानेवारी आहे, म्हणजे विक्रीच्या दिवशी वय 61 दिवस. छान. पण 4 मार्चला ब्रीडरनं व्हॉट्सअ‍ॅपवर जो फोटो पाठवला, त्यात पिल्लांचे डोळे मिटलेले आहेत. डोळे 10 ते 14 दिवसांत उघडतात. कार्ड खरं असतं तर त्या दिवशी पिल्लू 33 दिवसांचं असतं. फोटो त्याच दिवशीचा असेल तर 14 अधिक 1 एप्रिलपर्यंतचे 28, फार तर 42 दिवसांचं पिल्लू तुमच्या हातात दिलं. फोटो जुना होता असं तो म्हणेल, तर मग वेळोवेळी पाठवलेले सगळे फोटो आणि ‘आज काढलाय’ असा मेसेज शोधा. डॉक्टरांच्या पहिल्या केसपेपरवर दातांवरून वय लिहिलं असेल तर सोन्याहून पिवळं.

मोबाइल बदलू नका, चॅट उडवू नका. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. त्याच्या इतर वेतांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉटही घ्या, कारण ‘घरचीच कुत्री व्यायली होती, माझा धंदा नाही’ हा बचाव ठरलेला. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडचा नोंदणी क्रमांक लेखी मागा.

आता मुदत. ग्राहक आयोगात तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षं मिळतात. ‘पुढच्या वेतातलं पिल्लू देतो’ या गोड बोलण्यात तुम्ही दीड वर्ष घालवलंत. वाटाघाटींनी मुदत वाढत नाही. 1 एप्रिलपासून मोजा, या महिन्यातच दाखल करा. तुम्ही इंदूरला राहता म्हणून तक्रार इंदूरच्याच जिल्हा आयोगात चालते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. चिठ्ठीवरच्या ‘गॅरंटी नाही’ला मी फार भीत नाही. पिल्लाची किंमत मिळायला हरकत नसावी. दवाखान्याचं बिल आणि मनस्तापाची भरपाई किती, ते आयोगावर.

निकाल कायद्यानं 3 महिन्यांत हवा. कायद्यानं बरंच काही हवं असतं.

मध्येच तो दुसरं पिल्लू देऊ करेल. घेऊ नका. पार्वोचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो. पैसेच मागा, तेही खात्यावर.