उणे आठ लहान कसे?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. −८ आणि −३ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारले की तो न चुकता −८ असे उत्तर देत असे. ‘ऋण संख्यांमध्ये सगळे उलटे असते’ असे मी त्याला सांगितले, तर आता तो −२ आणि ५ यांमध्येही −२ ला मोठे ठरवतो. त्याला हे नीट कसे समजावून द्यावे?

उत्तर : आपल्या मुलाची पहिली चूक निष्काळजीपणाची नव्हती. मोजायला शिकल्यापासून ‘आकडा मोठा म्हणजे संख्या मोठी’ हाच त्याचा अनुभव आहे, आणि −८ मध्ये त्याला काहीतरी मोठे दिसते तेही खरेच आहे. ते म्हणजे शून्यापासूनचे अंतर. −८ शून्यापासून आठ घरे दूर आहे आणि −३ तीनच घरे. मात्र लहान-मोठेपणा या अंतरावरून ठरत नाही; संख्यारेषेवर कोण कोणाच्या उजवीकडे आहे, यावरून तो ठरतो. धन संख्यांमध्ये जी संख्या शून्यापासून अधिक दूर, तीच अधिक उजवीकडे असते, त्यामुळे या दोन गोष्टींतला फरक मुलांसमोर आजवर आलेलाच नसतो. म्हणून त्याला आधी हे मान्य करा की, ‘तू म्हणतोस ते अंतर खरोखरच मोठे आहे, पण आपण आत्ता अंतर विचारत नाही.’

‘सगळे उलटे’ हे वाक्य मात्र कृपया सोडून द्यावे. त्यातून मुलाला इतकेच कळते की उणे चिन्ह दिसले की लहान आकडा निवडायचा. ते चिन्ह एकाच संख्येला असले तरी तो तसेच करतो. खरे तर उलटे काहीच झालेले नसते. ५, ४, ३, २, १, ० असे एकेकाने कमी करत त्याला मोठ्याने म्हणू द्या आणि शून्यावर थांबू देऊ नका. शून्यातून एक कमी केला की −१, त्यातून आणखी एक कमी केला की −२, मग −३. प्रत्येक पावलाला संख्या कमीच होत गेली, दिशा कुठेही बदलली नाही. −८ पर्यंत पोहोचायला −३ च्या पुढे आणखी पाच वेळा कमी करावे लागते, म्हणून −८ लहान. हे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटले पाहिजे, कारण आपण सांगितलेला नियम तो विसरेल, पण स्वतः मोजत केलेला प्रवास सहसा विसरणार नाही.

रेषा सुरुवातीला आडवी न काढता उभी काढावी, असे माझे मत आहे. ‘वर’ आणि ‘खाली’ यांचा अर्थ मुलांना ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ यांपेक्षा लवकर जाणवतो. तापमापक ही तशीच उभी रेषा आहे. पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते, पारा सुमारे −३९ ला आणि शुद्ध अल्कोहोल सुमारे −११४ ला. तापमान उतरत गेले तर आधी काय गोठेल, हे मुलाला त्या रेषेवर बोट खाली सरकवत शोधू द्या. अतिशय थंड प्रदेशात पाऱ्याऐवजी अल्कोहोलचा तापमापक का वापरतात, हेही तो मग आपणहून सांगेल.

अनेक संख्यांचा चढता क्रम लावताना, उदाहरणार्थ ४, −७, ०, −२, ६, −११, आधी ऋण संख्या एका बाजूला काढाव्यात. त्यांतली शून्यापासून सर्वांत दूरची संख्या पहिली येते, मग शून्याकडे सरकत जावे, मग शून्य, मग धन संख्या : −११, −७, −२, ०, ४, ६.

समज पक्की झाली की नाही, हे एका प्रकारच्या जोडीवरून ठरवू नका. −३ आणि ७ यांची तुलना चिन्हाकडे न पाहणारे मूलही बरोबर करते. −८ आणि −३ यांची तुलना ‘लहान आकडा निवडा’ एवढेच पाठ केलेले मूलही बरोबर करते, आणि −९ व २ यांची सुद्धा. चिन्ह न पाहण्याची सवय −९ आणि २ ही जोडी उघडी पाडते. ‘उलट्या’ नियमाची सवय −२ आणि ५ या जोडीत दिसते, जशी ती आपल्याला दिसली. म्हणून तिन्ही तऱ्हेच्या जोड्या मिसळून द्याव्यात, आणि प्रत्येक वेळी ‘कशावरून?’ असे विचारावे.

प्रश्न : कर्जाचे उदाहरण देऊन हा भाग शिकवणे योग्य आहे का?

उत्तर : या संख्यांची नावेच तिथून आली आहेत. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम मांडले, आणि ऋण म्हणजे कर्जच. बेरीज शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडते. तुलना शिकवताना मात्र जपून वापरावे, कारण ‘आठचे कर्ज तीनच्या कर्जापेक्षा मोठे’ हे वाक्य खरे आहे आणि नेमके तेच मुलाची मूळची चूक बळकट करते. कर्ज कोणाचे मोठे, असे न विचारता जवळ अधिक कोणाकडे आहे, असे विचारावे. आठ देणे असलेला माणूस तीन देणे असलेल्याच्या खाली आहे, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही व देणेही नाही, तो या दोघांच्याही वर आहे. शून्य ही सर्वांत लहान संख्या, असे मानणाऱ्या मुलांना या शेवटच्या माणसाजवळ थोडा वेळ थांबवावे. त्यानंतर त्यांना विचारावे : सर्वांत मोठी ऋण पूर्णांक संख्या कोणती, आणि सर्वांत लहान कोणती? पहिल्याचे उत्तर −१ आहे. दुसऱ्याचे शोधत मुले बराच वेळ रेषेवरून खाली उतरत राहतात, आणि त्यांना तसे उतरू द्यावे.