आबांना हे विचारायचे कसे?

प्रश्न : मी मूळचा बीड जिल्ह्यातला असून सहा वर्षांपासून पुण्यात वाघोलीला राहून नोकरी करतो. गावी आई आणि आबा असतात. चार एकर कोरडवाहू जमिनीत सोयाबीन असते. दोन हंगाम हाती काही लागले नाही, सोसायटीचे पीककर्ज थकले आहे आणि एका सावकाराचेही देणे आहे. गेल्या महिन्यात आबा एसटीने ज्वारी घेऊन आले. जाताना त्यांनी सातबारा, पासबुक आणि विम्याचे कागद असलेली प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात ठेवली आणि ‘आता हे तुझ्याकडंच राहू दे’ एवढेच म्हणाले. आई सांगते, ते पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात, पारावर जात नाहीत, जेवणावर वासना नाही. मनात भलतेच येते. पण थेट विचारले तर नसलेला विचार मीच त्यांच्या डोक्यात घालीन, अशी भीती वाटते. काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वडिलांनी कागदपत्रे मुलाकडे सोपवण्यात एरवी वावगे काही नसते. परंतु पहाटे मोडणारी झोप, उडालेली भूक आणि माणसांतून उठून जाणे यांच्या जोडीने ते घडते, तेव्हा ती निरवानिरव असू शकते, असे धरूनच वागावे.

विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जातो, असे या विषयावरील अभ्यासांतून दिसलेले नाही; उलट एकट्याने वाहिलेले ओझे कुणापाशी तरी उतरवता आल्याने बऱ्याच जणांना हलके वाटते. मात्र फोनवर विचारू नका, कारण फोनवर ‘बरं चाललंय’ यापलीकडे उत्तर मिळणार नाही. रजा काढून गावी जा, पहाटे त्यांच्याशेजारी ओट्यावर बसा, झोपेपासून सुरुवात करा आणि मग साध्या शब्दांत विचारा : ‘आबा, जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ त्यानंतर गप्प राहा. हेच सर्वांत अवघड असते. ‘असं काय बोलता, मन घट्ट करा’ हे वाक्य आपण धीर देण्यासाठी म्हणतो, पण त्याने बोलणे तिथेच मिटते.

उत्तर ‘हो’ आले, तर काही ठरवले आहे का, तेही विचारा. त्या क्षणापासून त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात न्या. धोका समोर दिसत असेल तर १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करा. फवारणीची औषधे मात्र उत्तराची वाट न पाहता आजच घरातून आणि गोठ्यातून हलवून भावकीतील कुणाकडे कुलपात ठेवायला सांगा. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि तेवढ्यात साधन हाताशी नसणे जीव वाचवते. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय घटले.

‘वेड्यांच्या दवाखान्यात’ जायला आबा नकार देतील. तेव्हा ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणा. ते खोटेही नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांनी जाणवतो, तोवर पाकिटे आईजवळ ठेवावीत.

आता कर्जाविषयी. कर्ज फिटले की सारे मिटेल, या समजावर माझा विश्वास नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये शेती क्षेत्रातील ११,२९० आत्महत्यांपैकी ६,०८३ शेतमजुरांच्या होत्या, आणि मजुराच्या नावावर पीककर्ज सहसा नसतेच. तरीही देण्याचा धाक खरा असतो, म्हणून ती पिशवी बरोबर न्या आणि आबांसमोर उघडा. कुणाचे किती, व्याज काय, सावकाराकडे परवाना आहे का, हे एका कागदावर मांडा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, पन्नासच्या आत लागली असेल, तर पीककर्जाच्या पुनर्गठनाविषयी, म्हणजे हप्ते नव्याने बांधून मिळण्याविषयी, सोसायटीत विचारा. ‘मी सगळं फेडतो, तुम्ही लक्ष घालू नका’ असे मात्र म्हणू नका. कर्त्या माणसाच्या हातून कारभार काढून घेणे त्याला दिलाशापेक्षा अधिक लागते.

पहाटे तीनला आबांबरोबर आईही जागीच असणार. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास मोफत चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तो त्यांच्या फोनमध्ये साठवा, एकदा त्यांच्याकडूनच लावून घ्या आणि तुमचा फोन रात्री सायलेंटवर ठेवू नका.