जुनी लाईन सुधारायची की नवी हायस्पीड बांधायची? आधी लाईनीवर जागा आहे का ते बघा

जुन्या लाईनीवरच ताशी १६०-२०० किमीचा वेग काढता येत असेल तर वेगळ्या हायस्पीड लाईनीवर एवढा पैसा कशाला, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण नुसत्या वेगावरून सुरुवात केली की ही चर्चा भरकटतेच. आधी विचारायचं ते हे, की जुन्या लाईनीवर अजून गाड्या मावतात का?

मावत असतील तर सुधारणाच करा, आणि तीही गाडी जिथे सगळ्यात रखडते तिथून. १०० किमीच्या पट्ट्यात सरासरी वेग ८० वरून १२० वर नेला तर ७५ मिनिटांची ५० होतात, म्हणजे २५ मिनिटं वाचली, आणि तेच २०० चे २५० केले तर वाचतात फक्त ६. म्हणून स्टेशनात शिरतानाचे जुने पॉइंट्स (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे), एखादं घट्ट वळण, कमजोर पूल, फाटकं, हे आधी. स्वित्झर्लंडने असंच केलं, बर्न ते झुरिच तासाच्या आत आलं की दोन्हीकडे पुढच्या गाड्यांची कनेक्शन नीट जुळतात एवढंच त्यांना हवं होतं, त्यासाठी २००४ मध्ये ४५ किमीचा नवा तुकडा सुरू केला आणि प्रवास तासाच्या आत आणला. मला हे काम फार आवडतं, आधी टाइमटेबल ठरवलं आणि मग रूळ टाकले.

पण लाईन भरलेली असेल तर गणित उलटं फिरतं. एक्सप्रेस, लोकल, मालगाडी एकाच रुळावर असतात, जलद गाडी मागून येऊन हळू गाडीला गाठते म्हणून तिच्यापुढे मोठी जागा मोकळी ठेवावी लागते, आणि तुम्ही फक्त एक्सप्रेसचा वेग वाढवला की ती जागा अजून वाढते, म्हणजे गाड्या उलट कमी बसतात! शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर साधारण चौपट होतं, त्यामुळे सिग्नलही बदलावे लागतात, आणि हे सगळं चालू लाईनीवर, रात्री गाड्या बंद ठेवलेल्या चार-पाच तासांच्या ब्लॉकमध्ये. ब्रिटनच्या वेस्ट कोस्ट मेन लाईनीचं, म्हणजे लंडन-ग्लासगो लाईनीचं बघा, ठरवलं होतं २२५, नवी सिग्नल यंत्रणा जमली नाही म्हणून २०० वर थांबले, आणि २००८ मध्ये काम संपेपर्यंत खर्च सुमारे ९ अब्ज पाउंडांवर गेला.

जपानची टोकियो-ओसाकाची जुनी तोकाइदो लाईन अशीच भरली होती, वर अरुंद गेजची (दोन रुळांतलं अंतर कमी), म्हणून १९६४ ला शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनची लाईन, वेगळी बांधली. टोकियो-ओसाका साडेसहा तासांवरून चारवर आलं हे सगळे सांगतात, पण जुन्या लाईनीवर लोकल आणि मालगाड्यांना मोकळी जागा मिळाली हे माझ्या मते तेवढंच मोठं काम झालं.

आणि हे दोन्ही एकमेकांच्या विरोधात आहेत असंही नाही. फ्रान्सने १९८१ मध्ये पॅरिस-ल्योंची नवी लाईन सुरू केली तेव्हा शहरात शिरायला जुनेच रूळ आणि जुनीच स्टेशनं वापरली, शहरातली जमीन आणि बोगदे हाच सगळ्यात महागडा भाग असतो ना. गेज एकच असल्यामुळे त्याच गाड्या पुढे जुन्या लाईनीवरून लहान गावांपर्यंतही गेल्या. फक्त नवा तुकडा अर्ध्यात सोडू नका. ब्रिटनने २०२३ मध्ये एचएस२ या लंडनहून निघणाऱ्या नव्या हायस्पीड लाईनीचा मँचेस्टरकडचा भाग रद्द केला, आता त्या गाड्या बर्मिंगहॅमच्या पुढे त्याच गर्दीच्या जुन्या लाईनीवर येणार.

तुमच्या मनात जी लाईन असेल तिचं गर्दीच्या वेळेचं टाइमटेबल काढा आणि लोकल, मालगाड्या एक्सप्रेसला वाट द्यायला किती वेळा बाजूला थांबतात ते मोजा. क्वचित थांबत असतील तर वळणं आणि फाटकं, दर तासाला थांबत असतील तर नवे रूळ.